तत्त्वज्ञानाचे चौथे वर्ष : चैन की धम्मकार्य?



आपल्या वस्तीतील एखादी मुलगी तत्त्वज्ञान हा विषय घेऊन बी. ए. ची तीन वर्षे पुरी करते. आता पदवी घेऊन बाहेर पडावे, की त्याच विषयात ऑनर्सचे चौथे वर्ष करावे, असा प्रश्न तिच्यापुढे येतो. वरवर पाहता हा एका घरातला प्रश्न आहे. आईबापांनी बसून ठरवावा आणि मोकळे व्हावे. परंतु जरा खोल गेल्यास असे दिसते की, १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरच्या भूमीवर आपण जे पाऊल टाकले, त्याच्याशी या प्रश्नाचे जवळचे नाते आहे. म्हणून या पाक्षिकात त्याचा विचार करणे अगत्याचे वाटते.

आधी व्यवहाराची बाजू समजून घेऊ. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानंतर विद्यापीठ अनुदान आयोगाने डिसेंबर २०२२ मध्ये पदवी-शिक्षणाचा नवा आराखडा जाहीर केला. त्याप्रमाणे तीन वर्षांत किमान १२० श्रेयांक मिळविणाऱ्यास पदवी मिळते. चौथे वर्ष करून किमान १६० श्रेयांक पुरे करणाऱ्यास ऑनर्सची पदवी मिळते. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा त्याहून अधिक गुण असतील, तर या चौथ्या वर्षी मार्गदर्शकाच्या हाताखाली संशोधन करून लघुप्रबंधही लिहिता येतो. ऑनर्स झालेल्यास पुढे एक वर्षाचे एम. ए. करण्याचीही तरतूद आहे. म्हणजे ज्याला एम. ए. व्हायचेच आहे, त्याचे काही वर्ष वाढत नाही. तीन अधिक दोन काय किंवा चार अधिक एक काय, बेरीज पाचच. ज्याला पदवीवर थांबायचे आहे, त्याचे मात्र एक वर्ष जास्तीचे खर्ची पडते. शिवाय प्रत्येक महाविद्यालयात तत्त्वज्ञानाच्या चौथ्या वर्षाची सोय असतेच असे नाही. तेव्हा ही सगळी चौकशी आधी करावी आणि मगच मनाशी निर्णय करावा.

आता आक्षेपांकडे वळू. आपल्या घराघरांतून ते तीन प्रकारे ऐकू येतात.

पहिला आक्षेप पोटाचा. घरात हाताला हात लावणारे माणूस हवे असताना हे वर्ष परवडते काय? दुसरा आक्षेप समाजाचा. आपल्याला वकील हवेत, डॉक्टर हवेत, अधिकारी हवेत. तत्त्वज्ञान शिकून कोणाचे भले होणार? तिसरा आक्षेप अधिक गंभीर आहे, कारण तो धम्माच्या नावाने केला जातो. खुद्द तथागतांनीच कोरडी तत्त्वचर्चा बाजूला सारली, मग त्यांच्या अनुयायांनी तिच्यात वर्ष का घालवावे?

तिसऱ्या आक्षेपाचे उत्तर आधी दिले पाहिजे. तो खरा असेल तर पहिल्या दोहोंचा विचार करण्याचे कारणच उरत नाही.

मज्झिम निकायात मालुंक्यपुत्ताची कथा आहे. जग शाश्वत आहे की अशाश्वत, ते अंत असलेले आहे की अनंत, तथागत मरणानंतर असतो की नसतो, याची उत्तरे मिळाली तरच मी आपल्यापाशी राहीन, असा हट्ट त्याने धरला. त्यावर भगवंतांनी विषारी बाण लागलेल्या माणसाचा दृष्टान्त दिला. बाण मारणारा कोण, कोणत्या जातीचा, धनुष्य कोणत्या लाकडाचे, हे कळल्याशिवाय मी बाण काढू देणार नाही, असे म्हणणारा माणूस उत्तरे मिळण्याआधीच मरून जाईल. दृष्टान्त सर्वांना ठाऊक आहे. परंतु त्यावरून भगवंतांना विचारच नको होता असा अर्थ काढणे ही मोठी चूक होय. ज्या प्रश्नांच्या उत्तराने बाण निघत नाही, असे प्रश्न त्यांनी बाजूला ठेवले. जे प्रश्न बाण काढण्यासाठी आवश्यक होते, त्यांत ते स्वतः उतरले, आणि अतिशय कसून उतरले.

याचा पुरावा त्याच निकायातल्या अस्सलायन सुत्तात आहे. ब्राह्मण वर्ण तेवढा श्रेष्ठ, असा दावा घेऊन अस्सलायन नावाचा तरुण भगवंतांकडे आला. भगवंतांनी त्याला शाप दिला नाही की चमत्कार दाखविला नाही. त्यांनी प्रश्न विचारले. योन आणि कंबोज देशांत दोनच वर्ण आहेत, मालक आणि दास, आणि तेथे मालकाचा दास होतो व दासाचा मालक होतो, हे तू ऐकले आहेस ना? उच्च मानलेल्या कुळातील माणसाने चंदनाच्या लाकडाने अग्नी पेटविला आणि चांडाळ कुळातील माणसाने कुत्र्याच्या पाणी पिण्याच्या डोणीच्या लाकडाने पेटविला, तर दुसऱ्या अग्नीला ज्योत, तेज आणि उष्णता कमी असेल काय? पहिल्या प्रश्नाने वर्ण निसर्गाचा नसून समाजाने घडविलेला आहे हे सिद्ध होते, आणि दुसऱ्याने जन्मामुळे माणसाच्या गुणात फरक पडत नाही हे सिद्ध होते. अस्सलायन निरुत्तर झाला आणि अखेर उपासक झाला. वाचकहो, याला तत्त्वज्ञान म्हणायचे नाही तर कशाला म्हणायचे? जातीचा बाण हाताने उपसून निघत नव्हता. तो कोणत्या युक्तिवादाच्या जोरावर रुतून बसला आहे, हे ओळखूनच तो काढावा लागला.

परमपूज्य बाबासाहेबांनीही तेच केले. फेब्रुवारी १९१३ मध्ये वडील सुभेदार रामजी निवर्तले आणि त्याच वर्षीच्या जुलै महिन्यात बाबासाहेब बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात दाखल झाले. त्यांचा मुख्य विषय अर्थशास्त्र होता. तरी ते जॉन ड्यूई यांच्या तत्त्वज्ञानाच्या वर्गांना बसले, आणि १९३६ च्या 'जातिसंस्थेचे निर्मूलन' या ग्रंथात त्यांनी आपल्या या गुरूचे ऋण मोकळेपणाने मान्य केले. १९१८ मध्ये त्यांनी बर्ट्रांड रसेलच्या समाजरचनेवरील ग्रंथाचे परीक्षण एका अर्थशास्त्रीय नियतकालिकात लिहिले. हिंदू धर्माच्या तत्त्वज्ञानावरील त्यांचे हस्तलिखित महाराष्ट्र शासनाने १९८७ मध्ये त्यांच्या लेखन-भाषणांच्या तिसऱ्या खंडात प्रसिद्ध केले. ते उघडून पाहा. तेथे बाबासाहेब आरंभीच धर्माचे तत्त्वज्ञान म्हणजे काय हे ठरवितात, नंतर धर्म कोणत्या कसोटीवर तपासायचा हे ठरवितात, न्याय आणि उपयुक्तता या दोन कसोट्या निश्चित करतात, आणि मगच निकाल देतात. संतापाला पुरेपूर कारण असलेल्या माणसाने आधी कसोटी मांडावी आणि मग निवाडा करावा, ही शिस्त त्यांनी अभ्यासाने कमावली होती.

त्यांच्या महानिर्वाणानंतर १९५७ मध्ये 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रास्ताविकात बाबासाहेबांनी चार प्रश्न मांडले आहेत. सिद्धार्थाने गृहत्याग का केला? चार आर्यसत्ये हा भगवंतांच्या मूळ उपदेशाचा भाग आहे काय? आत्मा नाही म्हटल्यावर कर्म आणि पुनर्जन्म कसे संभवतात? भिक्खू घडविण्यामागे भगवंतांचा हेतू कोणता? या प्रश्नांची चर्चा व्हावी, असे त्यांनी वाचकांना आवाहन केले. बंधुभगिनींनो, हा आपल्या नावाने आलेला निरोप आहे. त्या चर्चेला बसण्यासाठी आपण आपल्यातली किती माणसे तयार केली?

कोणी म्हणेल, एवढे खोलात कशाला शिरायचे? त्रिसरण, पंचशील आणि बावीस प्रतिज्ञा आपल्याला पुरेशा आहेत. आचरणासाठी त्या पुरेशा आहेत, यात शंका नाही. पण विहारात नेहमी ऐकू येणारी एक गोष्ट घ्या. एखाद्या घरी अपंग मूल जन्मते किंवा तरुण मुलगा जातो, आणि सांत्वनाला आलेले आपलेच कोणी बोलून जाते, "मागच्या जन्मीचे भोग, दुसरे काय!" बोलणाऱ्याच्या मनात वाईट नसते. पण विचार करा, आपल्या पूर्वजांना गावकुसाबाहेर ठेवताना हेच वाक्य सांगितले गेले होते. मागच्या जन्मी पाप केले म्हणून या जन्मी महार झालास, मांग झालास; निमूटपणे सोस म्हणजे पुढचा जन्म चांगला मिळेल. जे वाक्य आपण नागपूरला टाकून आलो, तेच बुद्धाच्या नावाने घरात परत शिरले तर धर्मांतर कशाचे झाले?

आता अशा वेळी त्या माउलीला काय सांगायचे? "बुद्धधम्मात असे नाही" एवढे म्हणून भागत नाही. कारण लगेच कोणी ग्रंथ दाखवून म्हणेल की कर्म तर धम्मातही आहे. तेव्हा कर्म म्हणजे हेतुपूर्वक केलेली कृती, तिचा परिणाम करणाऱ्याच्या मनावर आणि समाजाच्या नीतीवर होतो, हे एक. आणि एक आत्मा जुन्या पापाचे गाठोडे घेऊन नव्या देहात येतो, हे दुसरे. या दोहोंतला भेद सांगता आला पाहिजे. अनात्म मान्य केल्यावर दुसरी कल्पना उभीच का राहू शकत नाही, हे समजाविता आले पाहिजे. बाबासाहेबांनी हा भेद केला आहे. पण परंपरेतले अनेक बौद्ध आचार्य पुनर्जन्माचा अर्थ वेगळा लावतात, हेही खरे आहे. ते न लपविता, त्यांच्याशी आदराने वाद करून आपली बाजू मांडायची, तर घोकंपट्टी उपयोगी पडत नाही. त्यासाठी कोणीतरी वर्ष-दोन वर्षे मान खाली घालून बसलेले असावे लागते.

विद्यापीठाच्या वर्गात काय शिकविले जाते तेही पाहू. भारतीय दर्शनांची आस्तिक आणि नास्तिक अशी विभागणी तेथे पहिल्याच धड्यात भेटते. वेदांचे प्रामाण्य मानतो तो आस्तिक, न मानतो तो नास्तिक. म्हणून बौद्ध नास्तिकांत. ही मोजपट्टी कोणाची? तिने मोजल्यावर वेद मानणाराच ठीक ठरणार, हे उघड आहे. चौदाव्या शतकातील माधवाचार्यांच्या 'सर्वदर्शनसंग्रहा'त दर्शनांचा क्रम चार्वाकापासून सुरू होतो, त्याच्यानंतर लगेच बौद्ध येतात आणि अद्वैत वेदान्त शेवटी शिखरावर येतो. तीन वर्षांचा विद्यार्थी हा क्रम पाठ करतो. चौथ्या वर्षी मूळ ग्रंथ हाती घेणारा विद्यार्थी विचारतो की, हा क्रम लावला कोणी आणि का?

त्याच वर्गात शंकराचार्यांचे अद्वैत शिकविले जाते. सर्वांत एकच ब्रह्म आहे, हे ऐकून मन भारावते. परंतु ब्रह्मसूत्रावरील त्यांच्याच भाष्यात, पहिल्या अध्यायाच्या तिसऱ्या पादात, अपशूद्राधिकरण आहे. तेथे शूद्राला वेदाध्ययनाचा, आणि म्हणून वेदद्वारा ब्रह्मविद्येचा, अधिकार नाही असा निर्णय आहे, आणि त्याला आधार म्हणून वेद ऐकणाऱ्या शूद्राच्या कानांत कथील व लाख भरण्याचे वचन दिले आहे. सर्वांत ब्रह्म एकच असेल तर एकाच्या कानात कथील का? हा प्रश्न वर्गात उठून, शांतपणे, पान दाखवून विचारणारा कोणीतरी असला पाहिजे. तसेच सातव्या शतकाच्या सुमाराचे बौद्ध आचार्य धर्मकीर्ती यांनी वेदांना प्रमाण मानणे, जगाचा कर्ता मानणे, स्नानाने पुण्य लाभते असे समजणे, जातीचा गर्व करणे आणि पाप जावे म्हणून देहाला ताप देणे, ही बुद्धी बधिर झाल्याची पाच लक्षणे सांगितली, हेही सांगणारा कोणीतरी हवा. त्यांच्या 'प्रमाणवार्तिका'ची संस्कृत पोथी या देशात दुर्मीळ झाली होती. १९३० च्या दशकात राहुल सांकृत्यायन यांना ती तिबेटात मिळाली. आपली अशी मोठी ठेव परत हाती आली असता ती वाचणारेच आपल्यात नसावेत, ही गोष्ट लाज वाटावी अशी आहे.

दुसऱ्या आक्षेपाचे उत्तर यातच आले. वकील आणि डॉक्टर हवेतच. पण धर्मांतर केलेल्या समाजाला एक जादा काम असते. जन्माने मिळालेला धर्म पाळणाऱ्याला कोणी कारण विचारत नाही. आपण धम्म निवडला. निवडणाऱ्याला कारण विचारले जाते. बाहेरचे विचारतात, आणि उद्या आपली नातवंडेही विचारतील. १९५६ साली दीक्षा घेणाऱ्या आपल्या आजा-आजींपाशी कारण होते. १९२७ चा महाडचा तलाव आणि १९३० चे काळाराम मंदिर त्यांनी अंगावर घेतले होते. नातवाच्या अंगावर तो अनुभव तसाच असेल असे नाही. त्याला कारण सांगावे लागेल. ते सांगता आले नाही, तर धम्म त्याच्या दृष्टीने केवळ घरची चालरीत होईल, आणि चालरीत सोडून द्यायला फार दिवस लागत नाहीत.

राहिला पोटाचा आक्षेप. त्याला हसण्यावारी नेणारा माणूस खोटा. दीघ निकायातल्या सिगालोवाद सुत्तात भगवंतांनी गृहस्थाला मायबापांचा सांभाळ करण्याचे कर्तव्य सांगितले आहे, आणि मायबापांनी मुलाला विद्या व कसब शिकवावे हेही सांगितले आहे. दोन्ही कर्तव्ये एकाच ठिकाणी आहेत. तेव्हा एकाच्या नावाने दुसरे बुडविता येणार नाही.

ज्या घरात आजारी बाप आहे, डोक्यावर कर्ज आहे आणि मिळवते माणूस नाही, त्या घरातल्या मुलीने पदवी घेऊन नोकरी धरली तर ती धम्माला चुकली असे कोणी म्हणू नये. सम्यक आजीविका हेही मार्गाचेच अंग आहे. ग्रंथ तिच्यासाठी थांबतील. पण ज्या घरात भाकरीची सोय आहे आणि केवळ "या विषयाला किंमत नाही" म्हणून मुलीला अडविले जात आहे, तेथे अडविणाऱ्याने विचार करावा. मुलाच्या स्पर्धा परीक्षांसाठी तीन-तीन वर्षे पैसा पुरविला जातो आणि मुलीच्या एका वर्षाचा हिशेब मागितला जातो, हा न्याय कोणत्या कसोटीत बसतो?

शिकणाऱ्यानेही एक गोष्ट विसरू नये. प्रत्येक शिक्षणाची किंमत घरातले कोणीतरी भरत असते. बाबासाहेब परदेशी शिकत होते तेव्हा मातोश्री रमाईंनी मुंबईत जे सोसले, ते आपण सर्व जाणतो. १९३५ मध्ये रमाई गेल्या, आणि १९४० चा पाकिस्तानविषयक ग्रंथ बाबासाहेबांनी त्यांच्या स्मृतीस अर्पण केला. एवढा मोठा विद्वान आपल्या विद्येतला दुसऱ्याचा वाटा विसरला नाही. तेव्हा ऑनर्सचे वर्ष घेणाऱ्याने ते आपल्या एकट्याच्या हुशारीचे बक्षीस समजू नये. ते उसने घेतलेले वर्ष आहे, आणि उसने फेडावे लागते.

कसे फेडावे? माझ्या मते तीन गोष्टी कराव्यात. आपल्या लघुप्रबंधासाठी असा प्रश्न निवडावा की ज्याचे उत्तर आपल्या माणसांना हवे आहे. त्या वर्षात पालीतले किंवा संस्कृतातले एक तरी मूळ प्रकरण स्वतः शब्द लावून वाचावे. दुसऱ्याने सांगितलेल्या सारांशावर विसंबू नये. आणि महिन्यातून एकदा, पौर्णिमेला म्हणा, आपल्या विहारात जे शिकलो ते साध्या मराठीत सांगावे. धुणीभांडी करून आलेल्या बायांना जे समजावून सांगता येत नाही, ते आपल्यालाच नीट समजले नाही असे धरावे.

याबरोबरच एक धोका सांगितला पाहिजे. तर्क शिकलेला माणूस उन्मत्त होतो. कालाम सुत्त आपण सर्वजण सांगतो. ऐकीव म्हणून मानू नका, परंपरा म्हणून मानू नका, ग्रंथात आहे म्हणून मानू नका. पण केवळ तर्काला पटते म्हणूनही मानू नका, हे त्याच यादीत आहे, ते मात्र आपण सोडून देतो. लोभ, द्वेष आणि मोह यांनी माणसाचे अहित होते की हित, हे स्वतः जाणून घ्या, ही तेथली शेवटची कसोटी आहे. जो शिकून आपल्या आईच्या वंदनेला हसतो, त्याचे ऑनर्स वाया गेले.

आणि समाजाचे काय? 'मिलिंद प्रश्न' ग्रंथात राजा मिलिंदाने वादाला बोलाविले तेव्हा भदन्त नागसेनांनी अट घातली. पंडितांसारखा वाद करणार असाल तर करीन, राजासारखा करणार असाल तर नाही. कारण पंडित चूक दाखविली तरी रागावत नाहीत आणि राजे न पटणाऱ्याला दंड देतात. राजाने ती अट मानली. औरंगाबादला, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरला, १९५० मध्ये सुरू केलेल्या महाविद्यालयाला बाबासाहेबांनी पुढे याच राजाचे नाव दिले. प्रश्न विचारणाऱ्याचे नाव विद्येच्या घराला द्यावे, यात त्यांचा हेतू स्पष्ट आहे. मग आपल्या विहारात चौथ्या वर्षाची मुलगी उठून एखादा अवघड प्रश्न विचारते, तेव्हा आपण तिच्याशी पंडितांसारखे वागतो की राजासारखे?

प्रत्येक विहाराने एक छोटी गोष्ट करावी. जयंतीच्या वर्गणीतला काही भाग बाजूला ठेवून एका विद्यार्थ्याच्या एका वर्षाच्या पुस्तकांचा आणि प्रवासाचा खर्च उचलावा. शिष्यवृत्ती उशिरा आली तर तोवर हात द्यावा. बदल्यात त्याच्याकडून बारा पौर्णिमांना बारा व्याख्याने घ्यावीत. मिरवणुकीतला एक ध्वनिक्षेपक कमी झाला तर बाबासाहेबांचा मान कमी होणार नाही. उलट त्यांनी १९५७ च्या ग्रंथात जे चार प्रश्न आपल्यासाठी ठेवले आहेत, त्यांतल्या एकाला तरी आपल्या वस्तीतून उत्तर जाईल.